फाँट आणि पाठ : मराठी प्रबंधलेखनातील एका गोंधळाची चिकित्सा

मराठीतील संशोधनपर लेखनाच्या पद्धतीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात विषयनिवड, साधनांची छाननी, पाठनिश्चिती, संदर्भ देण्याची रीत इत्यादी गोष्टींना योग्य ते स्थान मिळते. परंतु प्रबंध प्रत्यक्ष ज्या साधनाच्या द्वारे लिहिला जातो, त्या साधनाचा विचार मात्र टंकलेखकाचे काम म्हणून बाजूला सारला जातो. अभ्यासकाने वहीत लिहावे, कंपोझिटरने खिळे जुळवावे आणि मुद्रितशोधकाने चुका काढाव्या, अशी कामाची वाटणी जोवर होती, तोवर ही उपेक्षा क्षम्य होती. कारण मूळ प्रत अभ्यासकाच्या हस्ताक्षरात त्याच्याजवळ सुरक्षित राहत असे. आज ही स्थिती पालटली आहे. वर्ड प्रोसेसरमधील फाइल हीच मूळ प्रत, हीच मुद्रणप्रत आणि पुढे संग्रहात जाणारी जतनप्रतही हीच. साहजिकच पूर्वी छापखान्याच्या चालकाने करावयाची ती फाँटची निवड आता संशोधकाकडे आली आहे. आणि ती तो कशी करतो हे पाहू लागले, म्हणजे प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही हे ध्यानात येते. फाँट म्हणजेच पाठ, अशी एक अव्यक्त समजूत आपल्या प्रबंधलेखनात रूढ झाली आहे. या समजुतीने पाठाची हानी होते, आणि फाँटांची काटकसरीने केलेली व्यवस्था हे या हानीवरील एक साधे परंतु दुर्लक्षित औषध आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

ही समजूत कोठून आली असावी? तिचे मूळ खिळ्यांच्या छपाईत असावे असे वाटते. मुंबईच्या छापखान्यांत देवनागरी जुळवण्याच्या 'अखंड' आणि 'डिग्री' अशा दोन पद्धती नांदत होत्या. पहिलीत अक्षर आपल्या मात्रेसह एकाच खिळ्यावर ओतलेले असे. दुसरीत वरच्या व खालच्या मात्रांचे तुकडे पृथक् ओतून ते थरांनी जुळवीत. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्रणाचा जो विस्तृत अभ्यास केला (त्यांचा 'टायपॉग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला), तो पाहणाऱ्यास या दोन पद्धतींतील श्रमांचा आणि अडचणींचा अंदाज येतो. पण पद्धत कोणतीही असो, खिळा हाच अक्षर होता. त्याचे रूप आणि त्याची ओळख या दोन वस्तू नव्हत्या. निर्णयसागरच्या खिळ्यांत जुळवलेला 'भ' आणि दुसऱ्या एखाद्या ओतशाळेच्या खिळ्यांत जुळवलेला 'भ' यांत डोळ्याला फरक दिसे, एवढेच. खिळा नसला तर कंपोझिटरला तत्काळ कळे. पेटीतील घर रिकामे दिसत असे.

संगणकात अक्षराचे हे ऐक्य भंगले. तेथे अक्षराची ओळख एका संकेतांकाने होते आणि त्याचे रूप फाँट पुरवतो. ही फारकत नीट पाळली, तर तिच्यासारखी सोय नाही. एकच पाठ शंभर रूपांत दाखवता येतो. दुर्दैवाने मराठीत संगणक रुळला तो ही फारकत मोडूनच. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम प्रणालीतील योगेश, सुरेख इत्यादी जे फाँट गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात कार्यालयांत आणि छापखान्यांत पसरले, त्यांपैकी बहुतेकांनी रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवले. अशा फाँटाला जागा मिळत ती दोनशेच्या आसपास. तेवढ्यात स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे कोंबावयाची होती. त्या वेळच्या मर्यादा लक्षात घेता ही तडजोड करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष द्यावयाचा तो ती तडजोड संपल्यावरही तिला चिकटून राहणाऱ्यांना.

या तडजोडीचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला, तर फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, बी आणि एच या पाच रोमन अक्षरांची नोंद होते. पडद्यावर 'मराठी' दिसते ते केवळ फाँटच्या कृपेने. फाँट बदला, आणि शब्द नाहीसा होऊन अर्थहीन रोमन अक्षरांची माळ उरते. याहून विलक्षण गोष्ट अशी, की या फाँटात ख, ण, भ, श ही अक्षरे सलग नसतातच. अर्धा आकार आणि त्यापुढे काना अशा दोन तुकड्यांनी ती तयार होतात, आणि तो काना म्हणजे 'का'मधील आकाराचेच चिन्ह होय. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने 'भ'मधील उभी रेघ आणि 'भा'मधील मात्रा यांत भेदच नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाते, कारण जुन्या टंकलेखनयंत्रावर ती तशीच उमटवावी लागे. उच्चारात ती मागाहून येते, हे फाँटाला ठाऊक नाही. एवंच, अशा फाइलीत मराठी भाषा नसते; मराठी लेखनाचे चित्र तेवढे असते.

चित्राने काम भागते तोवर कोणाची तक्रार नसते. छापील प्रत परीक्षकांकडे गेली, तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधांच्या विद्युतप्रती संग्रहात ठेवण्याचा नियम केला आणि 'शोधगंगा' या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले, तेव्हापासून प्रबंधाचा दुसरा वाचक निर्माण झाला. हा वाचक डोळ्यांनी वाचत नाही. तो संकेतांक वाचतो. त्याच्यापुढे कृतिदेवातील प्रबंध म्हणजे कोणत्याच भाषेत नसलेला मजकूर. 'बखर' हा शब्द शोधणाऱ्या अभ्यासकाला तो सापडत नाही. शब्दसूची करू पाहणाऱ्याची 'कि'ने सुरू होणारी सारी पदे वेलांटीच्या घरात जाऊन बसतात. आणि २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या तपासणीला जे महत्त्व आले, तिचे काय होते? दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य त्या नियमांनी दंडास पात्र मानलेले नाही. चित्रलिपीतील प्रबंधाची यूनिकोडातील लेखनाशी यांत्रिक तुलना केली, तर साम्य जवळजवळ शून्य निघावयाचे, मग तो शब्दशः उतरवलेला का असेना. प्रामाणिक अभ्यासकाला जो फाँट अदृश्य करतो, तोच अप्रामाणिकाला आश्रय देतो. विभागांनी फाँटाकडे लक्ष देण्यास माझ्या मते एवढे एकच कारण पुरेसे आहे.

प्रस्तुत लेखकाने परीक्षणासाठी पाहिलेल्या एका प्रबंधाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. विषय पेशवेकालीन घरगुती हिशेबांच्या भाषेचा होता. पहिली दोन प्रकरणे एका टंकलेखन केंद्रात जुन्या फाँटात टंकलेली, उरलेली विद्यार्थ्याने स्वतः घरी यूनिकोडात लिहिलेली. सर्व एकत्र करण्यासाठी त्याने पहिली दोन प्रकरणे एका परिवर्तकातून काढली. परिवर्तकाने आपले काम इमानाने केले; रोमन संकेत दिसला की त्याचे देवनागरी करावयाचे, एवढेच त्याला ठाऊक. त्यामुळे तळटीपांतील इंग्रजी अवतरणेही त्याने देवनागरी करून टाकली, आणि दोन पाने कोणत्याही भाषेत नसलेल्या अक्षरांनी भरली. ही चूक निदान दिसणारी होती. न दिसणारी चूक याहून गंभीर निघाली. हिशेबात 'आचाऱ्यांस' दिलेल्या रकमेचा उल्लेख होता. परिवर्तित प्रतीत तो 'आचार्यांस' असा झाला. 'ऱ्य'मधील चंद्रकोरीसारख्या रकाराची नोंद त्या परिवर्तकाच्या कोष्टकात नसावी. मुदपाकखान्यातील स्वयंपाकी एका क्षणात विद्वान झाले, आणि वाचणाऱ्याचा समज असा व्हावा की त्या घरी आचार्यांना शिध्यासह रोजमुरा मिळत असे! विद्यार्थ्याने पुढील प्रकरणात त्यावरून निष्कर्ष काढला नव्हता, हे त्याचे आणि आमचे भाग्य.

तेव्हा यूनिकोडात लिहिले की सर्व प्रश्न मिटले, असे म्हणावे काय? पुष्कळांचा तसा समज आहे, आणि तो अर्धसत्य आहे. यूनिकोडात देवनागरीस १२८ संकेतांकांचा गट दिलेला असून त्यात आकार नोंदले जात नाहीत, वर्ण नोंदले जातात. क, हलन्ताचे चिन्ह आणि त, एवढी नोंद फाइलीत असते. त्यांचे 'क्त' हे जोडाक्षर कोणत्या वळणाचे दिसावे हे फाँट ठरवतो. ही योग्य विभागणी होय. परंतु यामुळेच एक नवा धोका उद्भवतो. जुन्या फाँटात चूक झाली तर ती दिसत असे. आता फाँट चुकीवर पांघरूण घालू शकतो. 'ॲरिस्टॉटल'मधील पहिले अक्षर घ्या. या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी ते 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र असे दोन चिन्हांनी लिहीत, आणि अनेक कळफलकांवर आजही तसेच लिहिले जाते. दोन्ही रूपे बऱ्याच फाँटांत डोळ्याला सारखी दिसतात, परंतु यंत्राला ती भिन्न आहेत. वाङ्मयसमीक्षेवरील प्रबंधात अर्ध्या ठिकाणी एक ॲरिस्टॉटल आणि अर्ध्या ठिकाणी दुसरा, असे झाले, तर नामसूची अपुरी होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. 'ऱ्य'चेही तसेच. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ'ला स्वतःची कळ आहे. इतरत्र साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी तेच रूप साधले जाते. 'आचाऱ्यांस' हा शब्द मग दोन प्रकारे नोंदलेला असतो, आणि एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडेलच अशी खात्री नसते.

येथे फाँट परीक्षकाचे काम करू शकतो, ही बाब फारशी कोणी ध्यानात घेत नाही. लिहावयास एक फाँट ठेवावा, आणि अखेरची तपासणी दुसऱ्या, शक्यतो वेगळ्या घराण्याच्या फाँटात करावी. जोडलेल्या चिन्हांचे 'ॲ' काही फाँटांत विसकटून दिसते, काहींत त्याच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. चुकीच्या क्रमाने पडलेली मात्रा एखाद्या फाँटाने सांभाळून घेतलेली असली, तर दुसरा तिला उघडी पाडतो. मुद्रितशोधक जसा मजकूर उलट दिशेने वाचून पाही, तसाच हा उपाय आहे. फाँट बदलल्याने पाठ बदलत नाही हे यूनिकोडाचे मुख्य बळ. ते वापरावयाचे असेल तर फाँट निःशंकपणे बदलता आला पाहिजे.

परंतु तो तसा बदलता येत नाही. आणि याचा दोष काही अंशी वर्ड प्रोसेसरच्या रचनेकडे जातो. वरच्या पट्टीवर फाँटच्या नावांची जी पेटी असते, ती वापरणाऱ्याला दिशाभूल करणारी आहे. ती पाहून असे वाटते की निवडलेल्या मजकुराला एकच फाँट आहे आणि तो या पेटीत दिसतो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रचलित वर्ड प्रोसेसर प्रत्येक मजकुरासाठी निदान तीन फाँट मनात बाळगतो : एक रोमन व तत्सम लिप्यांसाठी, दुसरा चिनी-जपानी आदी पूर्व आशियाई लिप्यांसाठी आणि तिसरा ज्यांना तो 'जटिल' म्हणतो अशा लिप्यांसाठी. अरबी आणि हिब्रू यांच्या पंक्तीत आपली देवनागरी या तिसऱ्या वर्गात येते. (ती 'जटिल' कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, पण तो येथे नको.) नाव, आकारमान, ठळकपणा हे सारे या प्रवाहांसाठी वेगवेगळे नोंदले जाते. ज्याला हे माहीत नाही तो शैलीत चौदा पॉइंट लिहितो आणि देवनागरी बारा पॉइंटच राहिलेली पाहून चकित होतो. त्याने बदललेले मान रोमन प्रवाहाचे असते. मग तो वैतागून सगळा मजकूर निवडतो आणि हाताने चौदा करतो. येथून अव्यवस्थेला आरंभ होतो.

याच्याही पुढची गंमत अशी. लिब्रेऑफिस रायटरमध्ये सर्व मजकूर निवडून पेटीतून टाइम्स न्यू रोमन निवडले, तर देवनागरीलाही तेच नाव चिकटते. त्या फाँटात देवनागरी अक्षरे नाहीतच. तथापि पडद्यावर चौकोन दिसत नाहीत; संगणक गुपचूप दुसरा एखादा देवनागरी फाँट शोधून त्याचे आकार उसने आणतो. पेटीत एक नाव, पानावर दुसरे रूप. आपल्या संगणकावर हे उसने आणलेले रूप बरे दिसते, म्हणून अभ्यासक निश्चिंत राहतो. परीक्षकाच्या संगणकावर दुसराच फाँट उसना येतो, ओळींची उंची बदलते, पाने सरकतात, आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक हाताने टंकलेले असल्यास ते खोटे ठरतात. कंपोझिटरच्या पेटीतील रिकामे घर बोलके होते. येथील रिकामे घर स्वतःला लपवते.

यावर उपाय आहे, आणि तो साध्यातल्या साध्या वर्ड प्रोसेसरात उपलब्ध असतो. तो म्हणजे परिच्छेदशैली. विंडोजबरोबर १९९५ पासून येणाऱ्या आणि २०२४ मधील विंडोज ११ च्या आवृत्तीतून वगळण्यात आलेल्या वर्डपॅडमध्ये शैली नव्हत्या. म्हणून पत्राच्या पलीकडे त्याचा उपयोग नव्हता. परंतु ज्याच्यात शैली आहेत त्या साधनात प्रबंध लिहिताना फाँटच्या पेटीला हात लावण्याचे कारणच पडू नये. मुख्य मजकूर, प्रकरणाचे शीर्षक, उपशीर्षक, अवतरण, तळटीप आणि संदर्भसूची एवढ्या सहा शैली बहुतेक प्रबंधांना पुरतात. मूळ शैलीत रोमन आणि जटिल या दोन्ही प्रवाहांचे फाँट व मान एकदा ठरवून घ्यावे. बाकीच्या शैली तिच्यापासून निघालेल्या ठेवाव्या आणि त्यांत फक्त जो फरक हवा तो लिहावा. मग फाँट बदलावयाचा झाल्यास तो एका ठिकाणी बदलतो आणि चारशे पानांत बदलतो. ज्यांनी आधीच हाताने रंगरंगोटी केली असेल, त्यांनी प्रथम ती पुसून टाकावी. तशी आज्ञा वर्ड प्रोसेसरात असते. मात्र जुन्या फाँटातील मजकूर असलेल्या फाइलीत ही आज्ञा देऊ नये. तेथे फाँटचे नाव हीच पाठाची किल्ली असते. ते पुसले, तर कोणता तुकडा कोणत्या नकाशाने वाचावयाचा हे सांगणारे काहीच उरत नाही.

फाँटांच्या संख्येविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. प्रबंधाला एक देवनागरी आणि तिच्याशी जुळणारा एक रोमन, इतके पुरे. शेकडो फाँट बसवलेल्या संगणकावर हवा तो शोधण्यात वेळ जातो आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्या नांदू लागल्या की कोणती वापरली गेली हे सांगणे कठीण होते. न लागणारे काढून टाकावे. तिरप्या अक्षरांची मात्र थोडी दखल घ्यावी लागेल. ग्रंथनामे तिरपी छापण्याची इंग्रजी रीत आपल्या संदर्भसूचींत शिरली आहे. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपे वळण रेखलेलेच नसते. वर्ड प्रोसेसर सरळ अक्षर ओढून वाकवतो, शिरोरेखेखालची सारी अक्षरे कललेली दिसतात आणि मात्रा एकमेकींवर जातात. रोमनमध्ये तिरपे अक्षर हे हस्ताक्षराच्या परंपरेतून आलेले स्वतंत्र वळण आहे. देवनागरीत त्याला तशी परंपरा नाही. मराठीत ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्ह देण्याची जी जुनी रीत आहे, ती सुबोध आहे आणि फाइल कोठेही नेली तरी टिकते. कारण अवतरणचिन्ह हा पाठाचा भाग आहे, तिरपेपणा तसा नाही.

आता विरुद्ध बाजूचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. फाँट हे पाठाचे केवळ वस्त्र आहे असे मानले, तर लिपीच्या अभ्यासकाचे काय? त्याला तर रूपाशीच कर्तव्य असते. हा आक्षेप खरा आहे. त्याचे पहिले उदाहरण 'ल' आणि 'श' यांचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे जे लेखन प्रमाण ठरवले, त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' या मराठी वळणांना स्थान आहे. हिंदीतील प्रचलित वळण याहून वेगळे. यूनिकोडाने या दोन वळणांना वेगळे संकेतांक दिले नाहीत, आणि ते योग्यच केले. 'लता' शोधणाऱ्याला दोन 'ल' शोधावे लागू नयेत. मग मराठी वळण मिळवावे कसे? काही फाँटांत ते मुळातच असते. काहींत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा कोणती नोंदली आहे हे पाहून त्यांतील एक निवडले जाते. म्हणजे वर्ड प्रोसेसरात मजकुराची भाषा 'हिंदी' अशी राहिली असेल, तर अक्षरे हिंदी वळणाची उमटतात, आणि अभ्यासक फाँटाला दोष देत बसतो. लिब्रेऑफिसमध्ये भाषेची ही नोंद शैलीतच करता येते. फाँटाची निवड आणि भाषेची नोंद या दोन गोष्टी एकत्रच ठरवावयाच्या असतात. आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांत फाँटचे नाव आणि आकारमान दिलेले असते, भाषेचा उल्लेख क्वचितच आढळतो.

दुसरे उदाहरण अधिक बिकट आहे, आणि वर सांगितलेल्या पेशवेकालीन प्रबंधामुळे ते लेखकाच्या मनात राहिले. मोडी कागदांचा पाठ फाइलीत कसा उतरवावा? मोडीला यूनिकोडात २०१४ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले आणि त्या संकेतांकांवर आधारलेले फाँटही उपलब्ध आहेत. परंतु देवनागरीच्या संकेतांकांवर मोडीचे आकार बसवलेले फाँटही प्रचारात आहेत, आणि टंकण्यास सोपे म्हणून अभ्यासक त्यांकडे वळतात. पडद्यावर मोडी दिसते. फाइलीत देवनागरी असते. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला, की तोच मजकूर निमूटपणे देवनागरी होऊन बसतो. कृतिदेवासारखा कचरा होत नाही, शुद्ध देवनागरी दिसते, आणि म्हणूनच फसगत मोठी. मूळ मोडी कागदात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. लिप्यंतरकार देवनागरीत तो आपल्या समजुतीने घालतो. मोडीच्या आकाराचा पोशाख घातलेला पाठ वाचताना, हा दीर्घ उकार लेखनिकाचा की लिप्यंतरकाराचा, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. पाठचिकित्सेच्या दृष्टीने प्रत आणि लिप्यंतर हे दोन दस्तऐवज आहेत. ते दोन राहावयाचे असतील, तर मोडीची प्रत मोडीच्या संकेतांकांत आणि लिप्यंतर देवनागरीच्या संकेतांकांत ठेवले पाहिजे. दोहोंमधील भेद फाँटावर सोपवता कामा नये. लिपीच्या अभ्यासकाचा आक्षेप मान्य केल्यानेही निष्कर्ष उलटत नाही. रूपाला जेथे अर्थ आहे, तेथे तर तो अर्थ पाठात नोंदला जाण्याची निकड अधिकच.

राहता राहिला फाइल दुसऱ्याकडे पाठवण्याचा प्रश्न. विंडोज २००० बरोबर आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखलेला 'मंगल' हा फाँट पुष्कळ वर्षे मराठी संगणकाचे गृहीत कृत्य होता. तो सर्वत्र असणारच, असे धरून फाइली पाठवल्या गेल्या. विंडोज १० पासून तो पूरक फाँटसंचात गेला आणि मुळात बसवलेला मिळेलच याची शाश्वती राहिली नाही. सर्वत्र असणारा फाँट ही कल्पनाच फसवी आहे. त्यापेक्षा फाँट फाइलीतच अंतर्भूत करावा. तशी सोय लिब्रेऑफिसमध्ये दस्तऐवजाच्या गुणधर्मांत आणि वर्डमध्ये जतन करण्याच्या पर्यायांत आहे. मात्र काही फाँटांचे परवाने याला प्रतिबंध करतात. यास्तव आरंभीच मुक्त परवान्याचा फाँट निवडणे शहाणपणाचे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' असा आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत सिद्ध झालेला 'शोभिका' तर विद्वानांच्या उपयोगासाठीच केलेला असून त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'वर आधारलेली आहे. संस्कृत अवतरणे आणि रोमन लिप्यंतराची खुणांकित अक्षरे ज्यांना एकाच पानावर लागतात, त्यांनी तो अवश्य पाहावा. लिब्रेऑफिसमध्ये आपल्याकडे नसलेल्या फाँटाचे नाव पेटीत तिरप्या अक्षरांत दिसते, एवढी बारीक खूण ओळखता आली तरी पुष्कळ घोटाळे वेळीच ध्यानात येतील. पीडीएफमध्ये फाँट सामान्यतः आपोआप येतो आणि पान जसेच्या तसे राहते. परंतु तेथून देवनागरी मजकूर उतरवून घेतला असता वेलांट्या आणि जोडाक्षरे विसकटलेली आढळतात, यूनिकोड असले तरीही. म्हणून संग्रहासाठी पीडीएफबरोबर मूळ फाइलही मागितली पाहिजे. विभागांनी ती मागण्याची प्रथा पाडलेली नाही.

जुन्या फाँटांतील प्रबंधांचे काय करावे, हे मात्र एवढ्याने सुटत नाही. त्यांचे सरसकट परिवर्तन करून मूळ फाइली टाकून देण्याचा मोह होईल; आचाऱ्यांची हकीकत आठवली तर तो आवरावा लागेल. मूळ फाइल, तिच्यात वापरलेल्या फाँटची प्रत, परिवर्तित पाठ आणि परिवर्तन कशाने व कोणत्या दिवशी केले याची एक ओळ, असे चौघे एका थैलीत राहिले पाहिजेत. हस्तलिखित पोथीची देवनागरी प्रत तयार झाली म्हणून पोथी कोणी विसर्जित करीत नाही. विभागाच्या कपाटांत ज्या चकत्या आणि तबकड्या पडून आहेत, त्यांतील फाँटांची नावे तरी उतरवून घेण्याचे काम पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून या वर्षी करवून घेता येईल. चकत्या वाचणारी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहेत.